खांबावरची किटली

आखातातल्या रुवैसमध्ये कुणाला घराचा पत्ता विचारला, तर उत्तराची सुरुवात दोनच प्रकारे होते: समुद्राच्या बाजूला, किंवा फ्लेअरच्या बाजूला. फ्लेअर म्हणजे रिफायनरीच्या उंच चिमणीच्या टोकावर अहोरात्र जळणारी ज्योत. आमची गल्ली या दोहोंच्या मध्ये येते. वारा एका दिशेने आला की जिभेवर मीठ जाणवते, दुसऱ्या दिशेने आला की गंधकाची पुसट आठवण. कंपनीने बांधलेली घरे अगदी एकसारखी आहेत. एका साच्यातून काढल्यासारखी. तरीही कोणते घर कुणाचे हे लांबूनच ओळखू येते, कारण एअरकंडिशनरच्या नळीतून ठिबकणाऱ्या पाण्यावर प्रत्येकाने दाराशी वेगळी बाग वाढवली आहे. कुणाचा गवती चहा, कुणाच्या बोटभर मिरच्या, कुणाचे पांदानचे लांब हिरवे पान, जे भातात टाकले की आंबेमोहोरासारखा वास सुटतो.

गल्लीतली घरे इंडोनेशियन कुटुंबांची आहेत. टोकाचे एक घर रिकामे होते, ते मला मिळाले. मी सांगलीची, शिक्षणाने केमिकल इंजिनिअर, इथल्या एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात प्रोसेस विभागात. येताना माझा आराखडा स्वच्छ होता: इथे थोडी वर्षे काढायची, अनुभव घ्यायचा, मग अबू धाबीच्या मुख्य कार्यालयात जायचे. शेजाऱ्यांसाठी त्या आराखड्यात जागा ठेवलेली नव्हती. पण पहिल्याच आठवड्यात समोरच्या घरातून कोळंबीचे वाटण भाजल्याचा वास आला, थेट सुकटीची आठवण करून देणारा, आणि मी ताट घेऊनच त्या दारात उभी राहिले.

ते दार बापाक आणि इबू यांचे. बापाक म्हणजे वडील, इबू म्हणजे आई; गल्लीत वयाने मोठ्या असलेल्या सगळ्यांनाच असे म्हणतात, पण कुणी नुसते ‘बापाक’ म्हटले की ते हेच, असा संकेत होता. ते रिफायनरीच्या कंट्रोल रूममध्ये पॅनेल ऑपरेटर होते. ते आले तेव्हा या गल्लीत त्यांचे एकट्याचेच इंडोनेशियन घर होते. आमचे बोलणे प्लांटमधल्या इंग्रजीत चाले, आणि ती संपली की ‘यल्ला’ (चला), ‘खलास’ (संपलं) आणि ‘इन्शाल्ला’ या तीन अरबी शब्दांवर बाकीचे सगळे निभावत असे.

या वस्तीचे घड्याळ भिंतीवर नाही, शिफ्टमध्ये आहे. प्लांट कधी थांबत नाही, त्यामुळे पुरुष चार शिफ्टमध्ये वाटलेले. दाराच्या कडीला टॉवेल बांधलेला दिसला की आत कुणीतरी रात्रपाळी करून झोपले आहे. मग मुले त्या घरापुढून सायकल हातात धरून, चवड्यांवर चालत जातात. वाढदिवसाचा केक दोनदा कापला जातो, कारण पहिल्या वेळी अर्धी मंडळी कामावर असते. वाळूचे वादळ होऊन गेले की मात्र जो घरी असेल तो झाडू घेऊन बाहेर येतो आणि आपल्या दारापासून नव्हे, गल्लीच्या टोकापासून झाडायला लागतो. कुणी सांगत नाही, कुणी मोजत नाही. मला ही पद्धत प्रथम अकार्यक्षम वाटली. मग लक्षात आले, की माझ्या दारातली वाळू नेहमी दुसरेच कुणीतरी काढून गेलेले असते.

ऑगस्टमध्ये त्यांचा स्वातंत्र्यदिन येतो आणि गल्लीमागच्या मोकळ्या जागेत खांब उभा राहतो. त्यांच्या गावाकडे हा सुपारीच्या झाडाचा बुंधा असतो. त्याला तेलकट लेप लावतात, वर बक्षिसे टांगतात आणि माणसे एकमेकांच्या खांद्यांवर चढून ती काढतात. इथे सुपारी कुठली? इथे परांचीचा लोखंडी पाइप. वर बादल्या, छत्री, तांदळाची पिशवी, आणि अगदी टोकाला बापाकांची ॲल्युमिनियमची किटली.

या किटलीचा इतिहास मला इबूंनी सांगितला. पहिल्या वर्षी बापाकांनी ती हौसेने आणून वर टांगली. कुणी टोकाला पोहोचले नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. त्यानंतर कधीच नाही. दर वर्षी शेवटी पाइप आडवा करून बादल्या वाटल्या जात. किटली मात्र बापाक कुणाला देत नसत. जो वर जाईल, त्याचीच. मग ती पुसून, कागदात गुंडाळून पुन्हा कपाटात.

“मी तिच्यात एकदा चहा करीन म्हटलं,” इबू म्हणाल्या, “तर हे म्हणाले, तू चढलीस का खांबावर?”

यंदाचा ऑगस्ट बापाकांचा शेवटचा होता. ते निवृत्त होऊन सप्टेंबरमध्ये जावा बेटावर परतणार होते. सामानाची खोकी हॉलमध्ये रचलेली होती, आणि सगळ्यांत वरच्या खोक्यावर ती किटली, अजून न बांधलेली.

“हिला परत घेऊन गेलो,” ते मला म्हणाले, “तर गावात काय सांगू? इतकी वर्षं तेल काढलं, वायू काढला, पण एक किटली काढता आली नाही?” ते हसत होते, पण किटलीवरची नसलेली धूळ अंगठ्याने पुसत होते. “तू इंजिनिअर आहेस. सोडव हे.”

मला समस्या दिली की मी शांत बसू शकत नाही. शिवाय एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नव्हती: शाळेत असताना मी मल्लखांब केलेला आहे, जिल्हा पातळीपर्यंत. एरंडेल लावलेल्या लाकडावर दसरंगाच्या कोलांट्या घालणाऱ्या मुलीला हा पाइप काय अडवणार? सरावाच्या संध्याकाळी मी जमलेल्या गल्लीसमोर घर्षणाबद्दल चार वाक्ये बोलले, बूट काढले आणि खांबाला मिठी मारली.

मल्लखांब जाड असतो, वर निमुळता होत जातो, आणि मांड्यांना पकड देतो. पाइप मनगटाहून थोडा जाड होता. मी जितक्या वेगाने चढले, त्याहून पुष्कळ अधिक वेगाने आणि पूर्ण शांततेत खाली आले.

“घर्षण,” बापाक गंभीरपणे म्हणाले, “इन्शाल्ला पुढच्या वेळी.”

आईला फोनवर सांगितले तेव्हा ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली. “म्हणजे तेलकट खांबावर चढायला तुला एवढं शिकवलं का आम्ही? आणि लागलं का कुठे ते आधी सांग.”

मग मी नीट विचार केला. वर्षानुवर्षे हे लोक का हरतात? पुरुष धडधाकट होते. जुन्या चित्रफिती मागवून पाहिल्या. प्रत्येक वर्षी खालच्या थरातली माणसे वेगळी होती. एका वर्षी उंच माणूस खाली होता, पुढच्या वर्षी तोच वर, कारण खाली उभा राहणारा त्या दिवशी ड्युटीवर. चार शिफ्टमधले चार बळकट गडी एका संध्याकाळी कधीच एकत्र मोकळे नसत. प्रश्न घर्षणाचा नव्हताच. तो ड्युटीच्या वेळापत्रकाचा होता. एकमेकांच्या खांद्यांची सवय नसलेली माणसे दर वर्षी नव्याने एकमेकांवर उभी राहत होती.

आणि हे सुचले, त्या पहाटे माझ्या खिडकीखाली नेहमीसारखे गाणे वाजत होते. गल्लीतल्या बायका रोज ऊन चढायच्या आत मागच्या मोकळ्या जागेत सामूहिक व्यायाम करतात. इबू पुढे, बाकीच्या मागे. सगळ्यांचे हात एका तालात वर, एका तालात खाली. या गाण्याने झोपमोड होते म्हणून मी कित्येकदा उशी कानावर ओढली होती. या वेळी मी तशीच चपला घालून खाली धावले.

“इबू, खांबावर तुम्ही चढायचं.”

गाणे बंद झाले. इबूंनी माझ्याकडे पाहिले, मग आपल्या कमरेकडे पाहिले. “ताप आहे का तुला?”

“तुम्ही रोज एकत्र असता. ते कधीच नसतात.”

 इबू मागे वळून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या जणी खिदळल्या. मी अर्थ विचारला, तेव्हा इस्पितळात काम करणारी, मुलीसारखी हलकी नर्स म्हणाली, “इबू म्हणतात, निदान चहा तरी मिळेल.”

पुरुषांनी अर्थातच थट्टा केली.  बापाक मात्र नंतर हळूच म्हणाले, “नियमात बायकांना मनाई कुठेच नाही,” आणि किटलीकडे बघून घसा साफ केला.

आम्ही रोज पहाटे सराव केला. महाराष्ट्रात थर कसे लावतात ते मी दाखवले: खालच्यांनी खांबाकडे तोंड करून एकमेकींच्या खांद्यांवर हात गुंफायचे, मान खाली, वर बघायचे नाही. वरची जागा मला हवी होती, हे मी लपवले नाही. इबूंनी माझे दोन्ही खांदे भाजी पारखावी तसे दाबून पाहिले.

“तू मधल्या थरात. खांदे चांगले आहेत. वर नर्स जाईल.”

“पण मला अनुभव आहे.”

“तुझा अनुभव आम्ही सगळ्यांनी पाहिला,” इबू म्हणाल्या, आणि विषय संपला.

सुरक्षेची बाजू माझ्याकडे होती. औद्योगिक ग्रीस नको, वनस्पती तूप चालेल. खांबाची उंची कमी. आणि खाली गाद्या. त्या संध्याकाळी सगळ्या घरांतल्या गाद्या बाहेर आल्या, फुलाफुलांच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, एकावर एक. सूर्यास्ताच्या, मगरिबच्या नमाजानंतर दिवे लागले. हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटत होती. दिवसभर तापलेल्या लोखंडावर तूप वितळून ओघळत होते.

आधी पुरुष चढले. हेल्मेट, हातमोजे, प्लांटमध्ये घालतात ते सगळे. दोन थर लागले, तिसरा थरथरला, आणि सगळे हळूहळू, सन्मानपूर्वक गाद्यांवर उतरले. पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्यांच्या शर्टांवर तुपाचे नकाशे उमटले.

मग इबूंनी हिजाबाची टोके घट्ट खोचली आणि व्यायामाचे गाणे लावायला सांगितले.

पुढचे मी पाहिलेले नाही, कारण माझा गाल खांबाला चिकटलेला होता आणि नाकात तुपाचा वास होता. मला फक्त ऐकू आले. खाली इबू ताल मोजत होत्या. माझ्या डाव्या खांद्यावर एक पाऊल आले, मग उजव्यावर दुसरे. पुरुष ओरडत होते, “आयो! आयो!”, म्हणजे चला, चला. मग ते ओरडायचे थांबले.  खालून कुणाच्या तरी हाताने माझी पोटरी घट्ट धरली. वर खडखडाट झाला. एक बादली माझ्या पाठीवरून गाद्यांवर पडली, मग छत्री, मग तांदूळ. आणि नंतर नर्सचा आवाज, अगदी तिच्या वॉर्डातला, शांत:

“बापाक, गाठ फार पक्की बांधली आहे. कात्री नाही माझ्याकडे.”

“ओढ!” बापाक ओरडले. त्यांचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. “मोडली तरी चालेल, ओढ!”

ती आली. आम्ही कोसळलो, पण किटलीसकट कोसळलो. मी डोळ्यांतले तूप पुसून वर पाहिले, तेव्हा बापाक गाद्यांच्या कडेला दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभे होते आणि पुरुष एकमेकांना सांगत होते की तूप आपणच पुसून दिले म्हणून त्यांना जमले.

“हो ना,” इबू म्हणाल्या, “आता शर्टही तुम्हीच धुवा.”

किटली नियमाप्रमाणे नर्सची. पण तिच्या खोलीत शेगडी नाही, म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात आली. बापाक निघाले त्या सकाळी त्यांचे घर रिकामे झाले होते, तेव्हा शेवटचा चहा माझ्याकडे ठरला. त्यांची खोकी आधीच गेली होती, किटलीवाचून. गल्ली माझ्या हॉलमध्ये मावेल तेवढी मावली, उरलेली दारात. मी किटली भरून शेगडीवर ठेवली.

फुस्स असा आवाज झाला. ज्योत विझली.

तोटीच्या सांध्यातून पाणी ठिबकत होते. दर वर्षी दोरी तिथेच बांधलेली. सांधा केव्हाच सैल झालेला. या खोलीतली बहुतेक माणसे पाइप आणि वाल्व्ह पाण्याच्या दाबाने तपासल्याशिवाय वापरू देत नाहीत, आणि इतक्या वर्षांत या किटलीत कुणी पेलाभर पाणी ओतून पाहिले नव्हते.

“तपासणी कुणी केली होती?” बापाकांनी विचारले आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

“किटली कुणाची होती?” मी विचारले, आणि सगळे त्यांच्याकडे वळले.

ते इतके हसले की इबूंना त्यांच्या पाठीवरून हात फिरवावा लागला. मग चष्मा लावून त्यांनी सांधा तपासला, कंट्रोल रूममधल्या गंभीरपणाने. “गळती किरकोळ आहे. कमी पाणी भर. पातळी सांध्याच्या खाली ठेव.”

मी अर्धी किटली भरली. या वेळी ती उकळली. सगळ्यांना घोट घोट चहा मिळाला, पहिला इबूंना. बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवत “यल्ला, यल्ला” करत होता. बापाकांनी कप खाली ठेवला, किटलीचे झाकण उचलून आत डोकावले आणि ती माझ्याकडे सरकवली.

“अजून आहे,” ते म्हणाले. “त्याला थांबायला सांग.”