हिरवी इरकल

बारामतीच्या आठवडे बाजारात एक बोहारीण जुन्या साड्या विकायची. घरोघर भांड्यांच्या बदल्यात घेतलेल्या प्रत्येक साडीचा काठ बोटांनी चाचपून मगच घडी घालायची. तिथे मला एक हिरवी इरकल दिसली. कॉलेजच्या समारंभाला मला ती हवीच होती, पण बोहारीण देईना.

"कालच आलीया. आठ दिस ठिवती मी. सासू गेली की सुना देऊन टाकत्यात, आन् लेकी हुडकत येत्यात."

"कोणी आलंच नाही तर?"

"मग तुझीच की गं, बाय."

आठवडाभर मी मनात म्हणत होते, कोणी येऊ नये.

पुढच्या बाजाराला मला बघताच ती हसली. "लेक आली! हितंच बसून रडली बघ, साडी छातीशी धरून."

मी लगेच "बरं झालं" म्हणाले. ते मला खरंच वाटू लागलं, तेव्हा माझी परतीची इंदापूरची एसटी निम्म्या वाटेवर आली होती.