चार पॉइंट आठची कॉइल

गोपाळमामा म्हणजे शुक्रवार पेठेतल्या एका ज्युनिअर कॉलेजातल्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेचे शिपाई. शिक्षण दहावी, नोकरी सत्तावीस वर्षं, निवृत्तीला दोन बाकी. गाव वळसंग, पण लग्न झाल्यापासून मुक्काम पेठेतच. प्रयोगशाळेतली एकेक वस्तू ते इतकी निगुतीनं पुसत, की बघणाऱ्याला वाटावं इथं रोज पोरांची झुंबड असते.

पोरं कुठली यायला! कॉलेजात नाव आणि क्लासात जीव, असा जमाना. सकाळी सातला क्लास सुरू, कॉलेजची हजेरी आपोआप लागते. मध्यंतरी नवीन धोरण आलं, तेव्हा प्राचार्यांनी ‘कृतीतून शिक्षण’ असा झोकदार फलक करून आणला आणि लावला कुठं, तर प्रयोगशाळेच्या दारावर, बरोबर कुलपाच्या वर. त्या फलकावरची धूळही मामाच पुसत.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला मात्र पोरं यायची, आणि येणार ती कोरीच. मग आराध्ये सरांनी एक तोडगा काढला होता. सर फिजिक्स शिकवायचे, म्हणजे पूर्वी शिकवायचे. माणूस वाईट नव्हता. रिकाम्या बाकांपुढं बोलून बोलून थकला होता. प्रत्येक प्रयोगाची रीडिंग मामांच्या अक्षरात एका चिठ्ठीवर, आणि चिठ्ठ्या मामांकडच्या पेढ्यांच्या जुन्या डब्यात. बाहेरचे परीक्षक चहाला बसले, की मामांनी त्या वाटायच्या. पोरांनी उतरवायचं, तीसपैकी एकोणतीस घ्यायचे आणि क्लासला पळायचं.

मीटर ब्रिजच्या चिठ्ठीवर आकडा होता चार पॉइंट आठ. हा प्रयोग तसा सोपा. पाटीवर मीटरभर तार ताणलेली, तिच्यावर टोक टेकवत सरकत जायचं. जोडलेल्या गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर आला की त्या जागेवरून बाजूच्या कॉइलचा रोध काढायचा. कॉलेजात पाटी एकच आणि कॉइलही एकच. गंमत अशी, की चार पॉइंट आठवाली कॉइल आठ वर्षांपूर्वीच एका दिवट्यानं थेट प्लगला जोडून जाळली होती. मामांनी जुन्या शेगडीची तार गुंडाळून नवी केली आणि स्वतः मोजली. सहा पॉइंट दोन. सरांना सांगायचं राहून गेलं, आणि चिठ्ठी बदलायची राहिली ती राहिलीच. आठ वर्षं पोरं जळून गेलेल्या कॉइलचा रोध लिहून पास होत होती.

अशात ऋतुजा आली. ही वळसंगचीच. तिची एसटी नऊला पोचायची, त्यामुळं सातचा क्लास तिच्या नशिबात नव्हता. एके दिवशी ती फलकाखालच्या कुलपापुढं येऊन उभी राहिली.

“मामा, हितं प्रयोग करायला मिळतात का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मामांना फार थोड्यांनी विचारला होता. त्यांनी किल्ली काढली.

“हितं त्येच तर मिळतंय की! ये.”

दोन वर्षं ती येत राहिली. सुरुवातीला सर अधूनमधून डोकावून जोडण्या समजावून गेले, बाकी हात बसवला तो मामांनी. “पोरी, टोक तारंवर घासू नगं. टेकव, उचल, टेकव.” तिला इलेक्ट्रिकल इंजिनिअर व्हायचं होतं. काटा शून्यावर आला, की ती एवढी हसायची की मामांनाही हसू यायचं. त्या पोरीवर त्यांचा जीव जडला होता.

परीक्षेत मीटर ब्रिज सहा जणांच्या वाट्याला आला. पाच जणांनी आळीपाळीनं पाटीपुढं उभं राहण्याचं नाटक केलं आणि चार पॉइंट आठ लिहिलं. ऋतुजाला मामांनी चिठ्ठी दिलीच नव्हती. तिनं मोजलं आणि लिहिलं सहा पॉइंट दोन.

परीक्षकांनी सहाही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि तिच्या आकड्याभोवती लाल गोल काढला. “बाळ, पाच जणांचं एक येतंय आणि तुझं एकटीचंच वेगळं. जोडणी चुकली असणार. बघ, सुधारायचं तर सुधार.”

ऋतुजानं काट्याकडं पाहिलं, मग शेजारच्या पोरांकडं. पोरं खाली बघत होती. आराध्ये सर खिडकीतून बाहेर बघत होते. तिचे डोळे भरून आले आणि तिनं खोडरबर उचलला.

मामांनी तोंड उघडावं तर चिठ्ठ्यांचं बिंग फुटणार, आणि चिठ्ठ्यांवर अक्षर त्यांचंच. गप्प बसावं, तर दोन वर्षं आपण जे शिकवलं ते पोरगी आपल्याच डोळ्यांदेखत खोडून टाकणार. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

“खोडू नगं गं!” ते ओरडलेच. “सायेब, तिचं बरोबर हाय. ह्या पाचांची कॉइल आठ वर्सांमागंच जळाली. चिठ्ठी माज्या हातची हाय.”

परीक्षकांनी चष्मा लावून स्वतः टोक टेकवलं. काटा शून्यावर आला. त्यांनी ऋतुजाला तीस दिले. उरलेल्या पाचांना एकोणतीसच दिले, कारण परीक्षकांच्या स्वतःच्या कॉलेजातही असाच एखादा डबा असणार.

प्राचार्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामा मनातल्या मनात पेन्शनवर पाणी सोडूनच गेले. पण प्राचार्य शांतपणे म्हणाले, “पुढच्या वर्षी चिठ्ठ्या सहा पॉइंट दोनच्या करून ठेवा.”

“व्हय जी,” मामा म्हणाले.

पुढच्या जानेवारीत आराध्ये सर चिठ्ठ्या मागायला प्रयोगशाळेत आले. टेबलावर वीस डब्या ओळीनं मांडलेल्या होत्या आणि प्रत्येकीत एक नवी कॉइल. दिवाळीच्या सुटीत मामांनी गुंडाळल्या होत्या, एकीची तार दुसरीएवढी नाही.

“हे काय? चिठ्ठ्या कुठायत?”

“चिठ्ठ्या न्हाईत सर. येका पोराला येक डबी. कुटली कॉइल किती, ते मलाबी ठावं न्हाय. मोजल्याबिगर कळायचं न्हाय.”

सर वीस डब्यांकडं बघत राहिले. “मग पोरांना इथं बोलवावं लागेल की हो.”

“बोलवा की.”

दुसऱ्या दिवशी क्लासची दप्तरं पाठीवर घेऊन, तोंडं वाकडी करत अकरा पोरं आली. सरांनी बाह्या सरसावून जोडणी करायला घेतली. त्यांचीही सवय सुटली होती. काटा एका बाजूला जाऊन बसला तो हलेचना. कुणी हसायच्या आत मामा पुढं झाले, एक तार काढून बरोबर जागी लावली आणि मागं जाऊन उभे राहिले.