कोरड्या माळावर भिजलेली मेंढरं

मासिकात असल्या अनुभवांचं पान आलं की मी ते उलटून पुढे जाते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. अंगात आलेल्या बाईला तांब्याभर पाणी पाजून घरी पाठवणारी मी... त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं तेवढंच सांगते. मत तुमचं तुम्ही बनवा.

माझं माहेर सांगलीचं, कृष्णेच्या काठाजवळचं. सासर माण तालुक्यात, दहिवडीपासून दोन कोसांवर. माहेरी पाणी घरात शिरायचं आणि सासरी घागरभर पाण्यासाठी मैलभर चालायचं. आमचे हे पलटणीत होते, लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आले. सुटून घरी आले तर विहिरीला तळ लागलेला, बाजरी करपलेली. मग ओळखीनं कुलाबा जिल्ह्यातल्या एका लहानशा बंदराच्या जकात नाक्यावर त्यांना नोकरी मिळाली. मी आमच्या आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन तिकडे बिऱ्हाड केलं. स्वातंत्र्य मिळालं, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट.

घर खाडीच्या तोंडाशी होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं आणि सामान ठेवायला लहानसा माळा. मागे टेकडी आणि टेकडीवर शाळेची दगडी इमारत. शेजारी जानकीकाकू नावाच्या एक वयस्क कोळीणबाई एकट्या राहायच्या.

जेवणं झाली की आमच्या दोघांचा एकच विषय — कायमचं राहायचं कुठे? हे म्हणायचे, "हितंच ऱ्हाऊ. हितं पानी हाय, नोकरी हाय. दुष्काळ मानसाला एकदम मारत न्हाई, वरसावरसानं वाळवतो. मी बघितलाय."

मी म्हणायची, "त्यापेक्षा सांगली बरी. पूर सांगून येतो. पायरी मोजत वर चढतो. माणसाला माळ्यावर जायला वेळ मिळतो."

समुद्राची भीती मात्र दोघांपैकी एकालाही नव्हती. माहीतच नव्हता ना तो!

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी उजाडलं तेच पिवळट. वारा सुटला होता आणि पाऊस आडवा येत होता. होड्या बांधायच्या म्हणून हे नाक्यावर गेले. जाताना म्हणाले, "पानी आलं तर माळ्यावर जा. तुला सांगाय नको."

तासाभरात वारा असा वाढला की बोललेलं आपल्यालाच ऐकू येईना. नारळाची झाडं वाकून जमिनीला टेकायला लागली, कौलं पत्त्यांसारखी उडाली. अंगणात पाणी आलं, मग उंबऱ्यावरून आत. मी मुलीला छातीशी बांधून माळ्यावर बसले. भ्यायले होते, पण मनात हिशोब चालू होता — अजून दोन वीत चढेल, मग थांबेल. सांगलीत असंच होतं.

आणि एकदम सगळं थांबलं. वारा पडला, पाणी ओसरलं, ढगांत थोडा उजेडही दिसला. झालं, सुटलो असं वाटून मी खाली उतरले. मुलीला खाटेवर ठेवलं आणि खराटा घेऊन घरातला चिखल बाहेर लोटायला लागले.

तेव्हा घंटा ऐकू आल्या. मेंढरांच्या गळ्यातल्या.

दारात येऊन पाहते तो समोरच्या पायवाटेनं मेंढरं चालली होती. शंभरएक तरी असतील. माना खाली, एकमेकांना चिकटून, टेकडीच्या दिशेनं. त्यांच्यामागे खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डावा पाय ओढत — आमचा म्हाकू धनगर. सासरी आमच्याच रानात दरवर्षी खतासाठी त्याचा कळप बसायचा. मला नवल असं वाटलंच नाही. माणदेशातले, फलटणच्या बाजूचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येतात, हे मला ठाऊक होतं.

तो थांबला. ओरडला नाही, नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "आवं धाकल्या वैनी, केर कसला काढताय? लेकरू उचला. ह्यो काय किस्नाबाईचा पूर न्हवं, पायरी मोजत याला. चला मेंढरांमागनं."

मी खराटा टाकला. मुलीला उचललं, जानकीकाकूंच्या दारातून हाक मारली आणि निघाले. काकू मागून आल्या. चढावर माझी नजर मेंढरांच्या पाठींवरच होती. शाळेच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. वर पोचले तर पटांगणात गावातली दहा-बारा माणसं... मेंढरू एकही नाही.

"काकू, मेंढरं कुठं गेली?" मी विचारलं.

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "कसली मेंढरां गो? तू लेकराला घेऊन धावलीस म्हनून मी आले."

पुढचं बोलणं झालंच नाही. वारा पुन्हा उठला, या खेपेला समुद्राकडून. आम्ही शाळेत शिरून दार लावतोय तोवर खाली समुद्र एकसंध भिंतीसारखा आत आला. पायऱ्या नाहीत, काही नाही. खिडकीतून मी आमचं घर पाहत होते. आधी दिसत होतं, मग नव्हतं. माळ्यासकट.

हे नाक्याच्या दगडी इमारतीत अडकून पडले होते. दुपार कलल्यावर गुडघाभर चिखलातून वर आले आणि मुलीच्या अंगावरून नुसता हात फिरवत राहिले. खालच्या वस्तीत माणसं गेली. किती, ते कुणी नीट सांगितलं नाही.

नंतर मी आजूबाजूच्या गावांत चौकशी केली. त्या वर्षी त्या भागात एकही धनगर अजून उतरला नव्हता.

पंधरा दिवसांनी आम्ही गावी आलो. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि म्हणाल्या, "हितंच ऱ्हावा आता. हितं उपाशी मराल, पर बुडून न्हाई."

मी म्हाकूची चौकशी केली. तर त्या म्हणाल्या, "त्यो कुटं जातोय? पोरपनीच पाय मोडला, घाट कंदीच उतरला न्हाई. रोज हितंच तर असतोय."

दुसऱ्या दिवशी मी माळावर गेले. म्हाकू बाभळीखाली सूत कातत बसला होता. मी सगळं सांगितलं.

"म्या समिंदर बघितला न्हाई, वैनी," शेवटी तो म्हणाला. "सांगलीबी बघितली न्हाई. म्या कसा येनार?"

म्हणजे ते शब्द माझेच होते, नाही का? मीच तर 'पायरी मोजत' म्हणायची. घाबरलेल्या डोक्यानं आपलेच शब्द ओळखीच्या माणसाच्या तोंडी घातले असतील. वारा पडला तो वादळाचा मध्य होता, हे मी पुढे पुस्तकात वाचलं आणि कित्येक वर्गांना शिकवलंही. माझ्या आतल्या कशाला तरी ते आधीच कळलं असेल. हे एवढं मला पटतं.

आम्ही पुढे सांगलीला राहिलो. यांनी फार वाद घातला नाही. जे येताना दिसतं त्याच्या शेजारी राहावं, एवढंच ते म्हणाले.

पण त्या दिवशी मी उठायला लागले तेव्हा म्हाकूनं मला थांबवलं होतं.

"तुमचं वादाळ कवा झालं म्हनलासा? बाजाराच्या आदल्या दिशी? सकाळच्या पारी?"

"हो."

"त्या दिशी हितं नुसतं आभाळ आलं हुतं. थेंब न्हाई. म्या ह्याच बाभळीखाली हुतो. जरा डोळा लागला. उठून बघतो तर समदी मेंढरं भिजलेली, लोकर निथळत हुती." त्यानं हातातलं सूत खाली ठेवलं. "मला वाटलं आता आजारी पडत्यात. पर कायबी झालं न्हाई. नुसती दिसभर येकमेकीला चाटत हुती. मीठ ठिवल्यावर चाटत्यात ना, तशी."