गार लागलं

डेंटल कॉलेजातल्या खुर्चीत माझी भाची ईरा आ करून बसली होती. सायकलवरून पडल्यावर तिचा समोरचा दात आतून मेला. मूळही धड वाढलेलं नव्हतं. असा दात एरवी साफ करून भरून टाकतात. मग तो नुसता उभा असतो. इथल्या डॉक्टरबाई मात्र त्यात पुन्हा जीव येईल का, याचं संशोधन करतात. त्यांनी दात आतून स्वच्छ केला, मुळाशी थोडं रक्त उतरू दिलं आणि कित्येक महिने वाट पाहिली.

आज दात जागा झाला का ते बघायला त्यांनी बर्फासारखा गार कापूस त्या दाताला टेकवला. आणि त्या ईराच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिल्या.

"आई गं! गार लागलं!"

बाई खुदकन हसल्या.

"मला लागतंय आणि तुम्ही हसताय काय?" ईरा फणकारली.

दुखणं थांबावं म्हणून बाहेर रांग लागलेली, आणि ही बाई एका दाताला पुन्हा दुखता यावं म्हणून वर्षानुवर्षं खपतेय! मला तिला हात जोडावेसे वाटले.

परतताना ईराने त्याच दाताने कुल्फीचा लचका तोडला आणि कळवळली. मी हसतच सुटले. कुल्फीवाल्याला वाटलं असेल, काय दुष्ट मावशी आहे!