गोपनीय, बाकावरच्यांच्या माहितीसाठी

विषय : दवाखान्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवणेबाबत.
संदर्भ : बाकावर बसून प्रत्यक्ष ऐकलेले.

उपरोक्त विषयी नोंद अशी, की आमच्या मिरजगावच्या डॉक्टरांकडे दर महिन्याला जाणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत. टेबलावरच्या टपालासारखे ते आपोआप साचतात. मी जन्मभर कारकून. साचलेलं निकालात काढायची सवय जात नाही.

माझं जाणं उजव्या हातासाठी. वर्षभर तो थरथरतोय. बायकोला आणि डॉक्टरांना ठाऊक आहे, तिसऱ्याला कळू नये एवढीच इच्छा. निवृत्तीनंतर आसपासच्या वस्त्यांवरचे लोक माझ्याकडे अर्ज लिहून घ्यायला येतात. माझी सकाळ त्यावरच निघते. हात कापतो म्हटल्यावर कोण येणार? म्हणून बाकावर मी हात खिशात घालून बसतो आणि सीताराम कंपाउंडरच्या तोंडाकडे बघत राहतो. सीताराम साठीचा. मन निर्मळ, आवाज खणखणीत. कपाटात फायली रोगवार लावतो : शुगर, बीपी, कंपवात.

डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलापुढे पडदा लावला. पडदा दिसणं अडवतो, ऐकणं नाही. त्यात डॉक्टर एका कानाने कमी ऐकतात. एकदा आतून मोठ्याने आलं, "गोड अजिबात खात न्हाई, डॉक्टर."

बाकावरून उत्तर गेलं, "आन् परवा बारशाला जिलब्या कुनी हानल्या?"

आतून डॉक्टरांचा आवाज : "किती?"

"पाच," अख्खा बाक म्हणाला.

मी सुचवलं, नावाऐवजी नंबर पुकारा. सीतारामला पटलं. दुसऱ्या दिवशी पुकारा झाला, "नंबर बारा, मूळव्याध."

कोणी उठेना. सीताराम आमच्या शेजारच्या आप्पांसमोर जाऊन उभा राहिला. "आप्पा, बारा तुमीच. नाव घ्यायचं न्हाई असं ठरलंय, म्हनून चालत आलो."

रिपोर्टची रीत जुनी आहे. त्या वस्तीवरचं जे कोणी बाकावर असेल, त्याच्या हाती द्यायचा. पेशंटची खेप वाचते. एका सुनेचा रिपोर्ट असाच शेजारणीबरोबर गेला. सून रानातून आली, तर सासूने तिच्या हातातला हंडा काढून घेतला.

"बस. आजपासून पानी मी आनते."

सून घाबरली. "मला काय झालंय, आत्या?"

"आं? तुला अजून कळलं न्हाई व्हय?"

मग भिंतीवर बोर्ड आला : 'रुग्णाची माहिती गुप्त ठेवली जाते.' एका म्हातारीने अर्थ विचारला.

सीताराम म्हणाला, "आता त्यो समोरचा किराणावाला. त्याला फिट येती. पोरीच्या सोयरिकीपायी झाकून ठेवलंय. आमी कुनाला सांगितलं का कवा?"

"न्हाई," बाक म्हणाला.

"ह्याला गुप्त म्हनत्यात."

त्याच दिवशी घरी येऊन डॉक्टरांच्या नावे अर्ज लिहिला : 'अर्जदाराच्या प्रकृतीविषयी कोणतीही माहिती तिसऱ्यास देऊ नये, ही विनंती.' आजाराचा उल्लेख मुद्दाम टाळला. टाईप करणाराही तिसराच, म्हणून स्वतःच्या हाताने लिहिला. चार कागद फाडले. पाचवा पाकिटात घातला, वर 'गोपनीय' लिहिलं आणि सीतारामच्या हाती दिला.

सीतारामने पाकीट तिथेच फोडलं. चष्मा घरी राहिलेला, म्हणून कागद आप्पांना दिला. आप्पांनी तो जवळ नेला, लांब नेला.

"लागत न्हाई. भाऊसाहेब, तुमचं अक्षर मोत्यावानी हुतं की."

मग त्यांनी माझ्या खिशाकडे पाहिलं. बाकही पाहू लागला.

"ऱ्हाऊ द्या, आप्पा," सीतारामने कागद परत घेतला. "वाचायचं काय कारन न्हाई. कुठं लावायचा ते कळलं मला."

"उद्या येनार हुतो तुमच्याकडं, शेतरस्त्याचा अर्ज लिवायला," आप्पा म्हणाले. "पन घाई न्हाई तशी."

माझ्या अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. चौकशी केली असता तो कंपवाताच्या फायलीत आढळला.