धर्माजी बोऱ्हाडे, कापड खाते

मोशीच्या धर्माजी बोऱ्हाड्याची नोकरी कागदोपत्री पक्की होती. अडचण एवढीच होती की मोशीत कागद वाचता येणारे थोडे होते, आणि ज्यांना वाचता येत होतं त्यांचा कागदावर विश्वास नव्हता.

साल १९५६. लोहगावच्या विमानतळाच्या कडेला तेव्हा एक खाजगी कारखाना होता. माणसांना उडायला शिकवणाऱ्या क्लबांची छोटी विमानं तिथे दुरुस्तीला येत. धर्माजी दिघीच्या माळावरून सायकल हाणत रोज तिथे जाई. त्याचं खातं कापडाचं. या विमानांच्या पंखांना आत लाकडाचा सांगाडा असे आणि वरून ताणून शिवलेलं कापड. त्यावर डोप नावाचं रोगण फासलं की कापड आक्रसून हलगीसारखं ताठ होई. या रोगणाला अति पिकलेल्या केळ्यांचा वास यायचा. वर्षभरात तोच वास धर्माजीलाही यायला लागला.

पहिल्या पगाराच्या दिवशी पारावर त्याने हे सगळं खरं खरं सांगितलं. ती त्याची चूक. विमानाला लोखंडी खिळे ठोकतो असं म्हणाला असता तर लोकांनी त्याला चहा पाजला असता.

"विमान कापडाचं?" पारावरचा दादू म्हणाला. "आन् धुतल्यावर आटतं का रं?"

"उन्हात रंग जात आसंल," दुसरा म्हणाला.

"जुनं झाल्यावर बोचकी बांधाया देत्यात का?"

पिंपरीच्या कारखान्यात बुरशीपासून औषध काढतात, हे याच पाराने आदल्या वर्षी बिनतक्रार मान्य केलं होतं. पण बुरशीत काय दडलंय हे कुणी पाहिलेलं नव्हतं. कापड मात्र प्रत्येकाच्या घरी होतं, आणि ते फार तर कुंपणापर्यंत उडतं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

त्यात धर्माजीला कारखान्याची एक सवय जडली होती. तिथला नियम असा की, विमानात कुठलाही दोष ज्याला दिसला त्याने तिथे लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठी बांधली की त्या विमानात बसायचं नाही. ज्याने दुरुस्ती केली त्याने ती काढायचीही नाही. दुसऱ्या कुणीतरी तपासून काढायची. नियम चांगलाच होता. पण धर्माजी खिशात चिठ्ठ्या घेऊन घरी येऊ लागला. आईच्या गळक्या हंड्याला चिठ्ठी लागली. शेजाऱ्याच्या बैलगाडीच्या चाकाला लागली. मामा बबनरावांच्या सायकलला लागली तेव्हा मामा थेरगावहून पाहुणे म्हणून आले होते. ते चिठ्ठीला घाबरले नाहीत, पण दिघीच्या उतारावर ब्रेक खरंच निघून आला, आणि तेव्हापासून ते भाच्याशी आदराने, पण लांबून बोलत.

या बबनरावांनीच माणच्या यशवंतराव पारख्यांच्या रतनचं स्थळ आणलं. खरं तर आणलं धर्माजीनेच. मामांनी फक्त शब्द टाकला. थेरगावच्या एका लग्नात रतन पंगतीत वाढत होती. धर्माजीसमोर आल्यावर ती थबकली, इकडेतिकडे पाहिलं आणि मागे वळून म्हणाली, "केळी कुनी आनली गं? मला दिसंनात." त्यानंतर धर्माजीला दुसरी मुलगी दाखवण्यात काही अर्थ उरला नाही.

यशवंतराव म्हणजे दात पाहिल्याशिवाय बैलही न घेणारा माणूस. त्यांनी मामांना विचारलं, "पोरगा विमानावर हाय म्हनता. पुरावा काय?"

पुराव्याची कमतरता नव्हती. मामांनी धर्माजीचा फाटकावरचा पास माणला नेला. पास इंग्रजीत. शाळेच्या मास्तरांना बोलावलं गेलं. मास्तरांनी पास लांब धरून वाचला आणि म्हणाले, "हा इसम कापड खात्यात आहे."

"कुठल्या खात्यात?"

"कापड."

"आन् विमान?"

"विमानाचा यात उल्लेख नाही."

मामांनी दुसरा कागद आणला. तो कारखान्याचा दाखला होता, सही-शिक्क्यानिशी. मास्तरांनी भाषांतर केलं: सरळ शिलाई उत्तम, गाठी समाधानकारक, दोरा वाया घालवत नाही, दोष दिसला की लाल चिठ्ठी लावतो. यशवंतरावांनी मान डोलावली. "शिंपी चांगला दिसतोय," ते म्हणाले.

प्रत्येक अस्सल कागदागणिक धर्माजी विमानापासून थोडा लांब जात होता. शेवटचा उपाय म्हणून मामांनी कारखान्याचा ग्रुप फोटो नेला. विमानतळावर कॅमेरा न्यायला बंदी, म्हणून साहेबांनी सगळ्या कामगारांना बाहेर आणून कुंपणाच्या भिंतीसमोर उभं केलं होतं. फोटोत टोप्या होत्या, मिशा होत्या, आणि भिंत फार स्वच्छ आली होती.

"ह्यात विमान कुठंय?"

"भिंतीच्या पल्याड."

यशवंतरावांनी फोटो उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. "बबनराव," ते म्हणाले, "विमानासंगट पोराचा फोटू आना. तवर दुसरी स्थळं बघायची का थांबायची, ह्ये आमचं आमी ठरवू."

दुसरं स्थळ माणच्याच रस्त्यावरचं होतं, आणि त्या मुलाच्या नोकरीबद्दल कुणाला शंका नव्हती, कारण त्याला नोकरी नव्हती, जमीन होती. धर्माजीचं जेवण कमी झालं. आईच्या हंड्याची चिठ्ठी कुणी काढली तेही त्याने पाहिलं नाही.

मामांना युक्ती सुचली. चाकणच्या उरुसात नवाबभाई फोटोग्राफर दरसाल 'विमान फोटो'चा तंबू लावत. तंबूतल्या नकली विमानाच्या पोटाला भोक होतं, त्यात गिऱ्हाइकाने बसायचं. मागच्या पडद्यावर ढग होते, आणि ढगांच्या खाली, अंतराचा फारसा विचार न करता, कुतुबमिनार होता.

"मामा, ते खोटं विमान हाय."

"तू खरा हायेस ना? मंग एकानं खरं आसलं की बास. फोटूत काय कळतंय?"

"मला कळंल की."

"तुला पोरगी द्यायची न्हाई. तुला घ्यायची हाय. बस मुकाट."

धर्माजी बस म्हटल्यावर बसला असता, तर ही हकीकत लिहायचं कारण नव्हतं. तंबूत पाऊल टाकताच तो थांबला. नवाबभाईंचं विमान पुठ्ठ्याचं नव्हतं. बांबूच्या सांगाड्यावर मांजरपाट ताणून चंदेरी रंग दिलेला होता. आणि डाव्या पंखाचं कापड शिवणीपाशी चांगलं हातभर उसवलं होतं. आतून बांबू दिसत होता.

धर्माजीचा हात खिशात गेला. मामा "धर्मा, नगं!" म्हणेपर्यंत लाल चिठ्ठी पंखाला बांधून झाली होती.

"ये क्या है भावा?" नवाबभाईंनी काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं.

"ह्याच्यात कुनाला बसवू नगा. पंख उसवलाय."

"अरे, पण हे जमिनीला खिळलंय! चार खुंट्या ठोकल्यात!"

"आसूं द्या. पंख तो पंख."

रांगेतल्या बायांनी लाल चिठ्ठी पाहिली. त्यावर काय लिहिलंय ते कुणाला वाचता आलं नाही, त्यामुळे ते किती गंभीर असेल याला मर्यादा राहिली नाही. "चिठ्ठी लागली गं बाई," एकजण म्हणाली आणि तिने नातवाला भोकातून उपसून काढलं. रांग मागे सरकली. मागे सरकलेली रांग पाहून ज्यांना फोटो काढायचा नव्हता तेही पाहायला आले.

"माझ्या बापजाद्यांत कुणी असं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं," नवाबभाई म्हणाले. "काढ ती चिठ्ठी!"

"मला काढता येत न्हाई. आदी शिवतो. मंग दुसऱ्या कुनी तपासून काढायची."

शेजारच्या पोतीवाल्याकडून त्याने दाभण आणि दोरा आणला, दोऱ्याला मेण लावलं, आणि पंखाखाली उकिडवा बसला. वरून दाभण घालायला मामांना लावलं, खालून तो परत पाठवू लागला. प्रत्येक टाक्याला गाठ. मामा गाठी मोजत नव्हते. ते गर्दी बघत होते. आणि गर्दीत त्यांना यशवंतरावांचं पागोटं दिसलं.

यशवंतरावांची थोरली बहीण गवराबाई हिचं सासर चाकणचं. उरुसाला भाऊ आणि भाची दरसाल तिच्याकडे येत. ही गोष्ट मामांना ठाऊक होती, आणि युक्ती सुचण्याच्या आनंदात ते ती विसरले होते.

"धर्मा," मामा ओठ न हलवता म्हणाले, "पाव्हनं आल्यात. टाक ते आन् पळ."

"गाठ आर्दी झालीय."

"लगीन मोडंल, येड्या!"

"मोडू द्या. गाठ सुटली तर सगळा पंख उसवंल." त्याने गाठ पुरी केली. मग नवाबभाईंच्या डब्यातली खळ घेऊन शिवणीवर पट्टी चिकटवली, आणि खळ वाळेपर्यंत जत्रेसमोर, मुलीच्या बापासमोर, चंदेरी पंखाला फुंकर घालत उभा राहिला. यशवंतराव कमरेवर हात ठेवून सगळं पाहत होते.

"झालं," धर्माजी म्हणाला. "आता कुनीतरी तपासा."

कुणी पुढे येईना. जत्रेत माणसं नवस फेडायला येतात, विमानाची जबाबदारी घ्यायला नाही. शेवटी गवराबाई पदर खोचून पुढे झाली. कुंभाराकडे मडकं घेताना वाजवतात, तसा तिने पंख बोटाने वाजवला. एकदा मधोमध, एकदा कडेला. कान लावला. पुन्हा वाजवला.

"बद्द न्हाई वाजत," ती म्हणाली. "पक्कं हाय." आणि तिने चिठ्ठी उपटून काढली.

मग जे झालं ते नवाबभाईंनाही अपेक्षित नव्हतं. मघाशी पळालेली रांग दुप्पट होऊन परत आली. विमान आता तपासलेलं होतं.

यशवंतराव पुढे आले. त्यांनी पंख चाचपला. "कापडाचंच हाय की," ते स्वतःशी म्हणाले. "आन् ह्यो शिवतो. गाठी समाधानकारक. लाल चिठ्ठी. समदं तंतोतंत." त्यांनी बबनरावांकडे वळून पाहिलं. "बबनराव, पोरगं खरं बोलत व्हतं. मीच येडा, लोखंडाचं विमान डोळ्यांपुढं धरून बसलो."

आयुष्यात प्रथमच मामांना काही सुचलं नाही, आणि तेच उपयोगी पडलं.

पण धर्माजीला गप्प बसणं जमत नव्हतं. "पाव्हनं," तो म्हणाला, "माझं विमान ह्ये न्हवं. माझी लोहगावला आसत्यात. ती उडत्यात."

मामांनी डोळे मिटले.

यशवंतरावांना हसू फुटलं. "उडत्यात व्हय?"

"व्हय. ढगांपातुर."

"कळलं, कळलं." त्यांनी पडद्यावरच्या ढगांकडे पाहिलं आणि धर्माजीच्या खांद्यावर हात ठेवला. "पोरा, येवढं समदं खरं बोललास, त्यात येक थाप चालंल. जवान मानसानं मारावी येखादी. आता माझं ऐक. तुमचं स्थळ आल्यापून मला झोप न्हाई. खोटारड्याला पोरगी देता येईना, आन् खऱ्याला द्यायला धीर व्हईना. उद्या ते विमान वरून पडलं म्हंजे? माझ्या पोरीनं काय करायचं? आज बघितलं. खुंट्या ठोकल्यात. चार." त्यांनी पायाने एक खुंटी हलवून पाहिली. ती हलली नाही. "बबनराव, लग्नाच्या याद्या कवा करायच्या?"

धर्माजीने पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात गवराबाईच्या मागून रतन म्हणाली, "आत्या, त्यास्नी आत बसाया सांग की. फोटू ऱ्हायलाय." आणि पंखाला वळसा घालून तंबूच्या दाराकडे जाताना, बापाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, ती धर्माजीला म्हणाली, "किती वर जातंय ते मला सांगा, पन लगीन झाल्यावर. आबांना आज झोपू द्या."

धर्माजी भोकात बसला. नवाबभाई काळ्या कापडात शिरले, हात बाहेर काढून म्हणाले, "हलू नका, हसू नका, चिठ्ठी तर मुळीच काढू नका," आणि त्यांनी कॅमेऱ्याची टोपी उचलली.

हा फोटो अजून आहे. चंदेरी पंख फार ठसठशीत आलाय, शिवणही दिसते. यशवंतराव पंखावर हात ठेवून उभे आहेत. झोप झालेल्या माणसासारखे दिसतात. मध्ये धर्माजी. त्याचं तोंड उघडं आहे. तो यशवंतरावांना काहीतरी सांगायच्या बेतात आहे, आणि त्याची नजर तंबूच्या दारात उभ्या असलेल्या कुणाकडे तरी गेलेली आहे, म्हणून ते सांगायचं राहिलंय.