शेवटच्या पानावरचे ठिपके

मी भित्री नाही. पाल झाडूनं बाहेर काढते, इंदूरच्या बसमध्ये अंगचटीला येणाऱ्याला सगळ्यांदेखत झापते. पण देवासच्या आमच्या घरात एका रविवारी सकाळी कंप्युटरचा पडदा काळा झाला, तेव्हा माझी जी पाचावर धारण बसली, ती आठवली की आजही तळहातांना घाम येतो.

त्या कंप्युटरात धारच्या काकांची वही होती. कुलधर्माची. कोणत्या सणाला कोणता नैवेद्य, घट कसे बसवायचे, देवीच्या बोडणाच्या विधीला काय काय लागतं, असं तीन पिढ्यांनी लिहिलेलं. कागद इतका जुना की पान उलटताना कोपरा हातात यायचा. काका निवृत्त मास्तर, मूलबाळ नाही, आणि काकू जाऊन वर्ष होत आलेलं. "तू कंप्युटर शिकवतेस ना, मग वही त्यात चढव. छापून सगळ्यांच्या घरी एकेक देऊ," म्हणून त्यांनी ती माझ्या हवाली केली.

आता माझी गोची सांगते. माझी शाळा हिंदी. मराठी बोलते फाडफाड, पण जुनं हस्ताक्षर समोर आलं की माझी बोबडी वळते. पणजोबांचं टपोरं अक्षर कसंबसं निभावलं. शेवटचं पान मात्र काकूचं होतं. तिरकं, घाईतलं, अक्षरांवर रेघ नाही, वर तेलाचा डाग. मोठ्या मुश्किलीनं तीन शब्द लागले, "माझ्या मागे यांना". पुढच्या सात-आठ ओळी काही केल्या लागेनात. मी तिथे ठिपके टाकले. आईला विचारता आलं असतं, पण आई लगेच सगळ्या कॉलनीत सांगत सुटली असती की आमच्या मास्तरीणबाईंना मराठी वाचता येत नाही. म्हणून नाही विचारलं. काका वही न्यायला आले, म्हणाले, "सगळं चढलं?" मी म्हटलं, "हो काका, अगदी शेवटच्या पानापर्यंत." वाटलं, दिवाळीत धारला जाईन तेव्हा वही हळूच पुन्हा बघेन.

त्या रविवारी काका छापील वही न्यायला येणार होते; प्रिंटर जोडून ठेवला होता, छापायचं तेवढं बाकी होतं. विंडोजमध्ये व्हायरसनं उच्छाद मांडला म्हणून मी सगळं लिनक्सवर नेलं होतं. फुकटची सिस्टिम, इन्स्टिट्यूटमधल्या सरांनी सीडी दिली होती. पण पडद्यावर मराठी अक्षरं फिकट दिसायची, मात्रा अर्ध्याच. म्हणून एक जुनं ग्राफिक्स कार्ड मिळवलं, ते चालवणारा प्रोग्राम, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, सायबर कॅफेतून पेन ड्राइव्हवर आणला आणि सकाळी सकाळी तो बसवायला घेतला. कसली खाज होती देव जाणे! ड्रायव्हर बसला, असं पडद्यावर आलंही. मशीन बंद करून चालू केलं, आणि पडदा काळा. नुसता काळा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, बस.

तरी मी मनाला म्हटलं, मूळ वही धारला आहे, घाबरायचं कारण नाही. काकांना फोन लावला की आज येऊ नका. ते बसमध्येच होते.

"अगं, निघालो पण. वही? ती परवा धरमपुरीला नर्मदेत सोडली की. काकूचं वर्षश्राद्ध केलं, तेव्हाच तीही अर्पण केली. जीर्ण पोथी घरात ठेवू नये, आणि रद्दीत थोडीच घालायची? तू सगळं उतरवलंयस, मग कसली चिंता!"

फोन ठेवला आणि पुन्हा कंप्युटरपुढे आले. वही पाण्यात, आणि पाण्याबाहेर उरलं होतं ते या काळ्या डबड्यात. त्यातही ते ठिपके. ते तर मी कुणाला सांगितलेच नव्हते.

सरांना फोन केला. "सीडी डालकर नया कर दूँ क्या सर?" ते ओरडलेच, "पागल हो क्या दीदी! सब मिट जाएगा. कुछ मत करना, पहले लॉग देखो." त्यांनी सांगितलेली बटणं दाबली, तेव्हा पांढऱ्या अक्षरांची एक खिडकी आली. फाइल शोधली तर तिच्या नावाच्या जागी नुसते चौकोन. माझ्या तोंडचं पाणी पळालं. सर म्हणाले, इथे हिंदी-मराठी दिसतच नाही, फाइल सलामत आहे. हे खरं की माझी समजूत काढतायत, ते कळायला मार्ग नव्हता.

लॉगमध्ये, म्हणजे मशीननं स्वतः लिहून ठेवलेल्या नोंदींत, ज्या ओळीच्या आधी दोन इंग्रजी ई असतील ती चूक. खाली सरकत सरकत सापडली. मागच्याच आठवड्यात मी सिस्टिमचा गाभा नवा केला होता, आणि हा ड्रायव्हर जुन्या गाभ्यासाठीचा. सर म्हणाले, सेटिंगच्या फाइलमध्ये ड्रायव्हरच्या ओळीत कार्डाचं नाव पुसून 'वेसा' लिहा, तो साधा ड्रायव्हर आहे, कुठल्याही कार्डावर चालतो. अकराला लाइट जायची आणि साडेदहा वाजले होते. ती एक ओळ एकेक अक्षर तपासत बदलायला मला दहा मिनिटं लागली.

एवढ्यात फाटक वाजलं. आईनं काकांना पाणी दिलं, आणि ते पिशवी घेऊन थेट माझ्या मागे येऊन उभे राहिले. खरं सांगते, त्या क्षणी वाटलं, हा पडदा काळाच राहू दे. सगळं मशीनवर ढकलता येईल, ठिपक्यांचं कुणाला कळणारच नाही. स्वतःचीच भीती वाटली मला. शेवटची आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं.

पडदा उजळला. जाडीभरडी अक्षरं, पण सगळी होती. "वा!" काका म्हणाले आणि चष्मा लावून वाचू लागले. घट झाले, बोडण झालं. मी खाली सरकवत होते. मग शेवटचं पान आलं.

"हे काय?"

"काकूचं अक्षर, काका. मला वाचता आलं नाही. मी खोटं बोलले."

ते रागावतील म्हणून मी मान खाली घातली. मग वर पाहिलं, तर ते वाकून त्या तीन शब्दांकडे बघत होते.

"हे पान मी कधी उघडलंच नाही गं. ती वहीत काही लिहायची, एवढं माहीत होतं. म्हटलं, स्वयंपाकाचं असेल."

मी रडू लागले. त्यांनी पडद्यावर 'यांना' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"लाइट जायच्या आत छाप," ते म्हणाले. "ठिपक्यांसकट छाप."